मुलांच्या हातीं पैसा

मुलांच्या हातीं पैसा देऊं नये, हा आपल्याकडील बहुतेक गृहस्थांचा ठाम सिद्धांत आहे. पैशानें मूल बिघडतें, असें ते म्हणतात. तेंच मूल वीस वर्षांचें झालें, कीं सबंध हंगामाचा पैसा, दुकानाचा गल्ला किंवा कर्जाचा कागद त्याच हातीं देण्यास त्यांस मुळींच भीति वाटत नाहीं. मधल्या काळांत हें शहाणपण त्यास कोठून यावें, याचा विचार मात्र कोणी करीत नाहीं.

तुळजापुरासारख्या क्षेत्रीं हा प्रश्न अधिकच ठळक दिसतो. येथें पैसा वर्षभर सारखा येत नाहीं. आश्विनांत घटस्थापना झाली कीं तो लोटतो, आणि पौर्णिमेची यात्रा उलगडली कीं ओसरतो. तालुक्यांतील शेतकऱ्याचेंही तसेंच. सोयाबीन विकलें कीं चार दिवस घरांत नोटा दिसतात, पुढें उधारीची वही उघडते. अशा गांवीं मुलांचे दोन वर्ग पडतात. कुंकवाच्या व कवड्यांच्या माळांच्या दुकानीं बापाशेजारीं बसणारा दहा वर्षांचा मुलगा पांचशेंची मोड न चुकतां देतो. पण गल्ल्यांतला एक रुपयाही त्याचा नसतो. दुसरा सुस्थितींतल्या घरचा. पाहुण्यानें जातांना त्याच्या हातीं ठेवलेली नोट आई तत्काळ "सांभाळून ठेवतें" म्हणून काढून घेते, आणि मग तो रडून हवें तें मिळवितो. पहिल्यास मोजतां येतें, दुसऱ्यास मागतां येतें. काय घ्यावें व काय सोडावें हें ठरवितां दोघांसही येत नाहीं.

आमचें म्हणणें साधें आहे. आठवडी बाजाराच्या दिवशीं प्रत्येक मुलास ठरीव रक्कम द्यावी. ती ऐपतीप्रमाणें दहा रुपये असो वा पन्नास. ती ठरलेल्या दिवशीं मिळावी आणि मुलाची स्वतःची असावी, म्हणजे झालें. वही-पेन्सिल व जेवणखाण हीं आईबापांचीं कर्तव्यें आहेत. तीं या पैशांत घालूं नयेत. मुलानें पहिल्याच सायंकाळीं सारे पैसे जत्रेंतल्या पाळण्यावर उडविले, तर उडवूं द्यावे. पुढील सहा दिवस त्याचा हात रिकामा राहील, आणि हाच या व्यवस्थेंतील खरा धडा आहे. परंतु येथेंच बापाचें मन कच खातें. तिसऱ्या दिवशीं त्यानें गुपचूप आणखी पांच रुपये दिले, कीं रडणें हेंही एक उत्पन्न आहे, एवढेंच मूल शिकतें.

"घरांत मिठामिरचीची ओढ, तेथें खाऊचे पैसे कसले?" असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. परंतु गरिबाघरींही पांच रुपयांचा पुडा कधीं ना कधीं घेतला जातोच. तेच पांच रुपये मुलाचे म्हणून द्यावे. तेवढेंही जमत नसेल, तर किराण्याचा हिशेब होतो त्या वेळीं मुलांस जवळ बसवावें. चुकीचा फटका ज्या घरास अधिक बसतो, तेथेंच हें शिक्षण अधिक निकडीचें आहे.

आतां मुलींविषयीं. पाणी आणल्याबद्दल मुलास दहा रुपये बक्षीस आणि रोज भांडीं घासणाऱ्या मुलीस कांहींच नाहीं, हा प्रकार आम्ही कितीदां तरी पाहिला आहे. घरकाम ही मजुरी नव्हे; त्यास दोघांनींही हात लावावा आणि ठरीव रक्कम दोघांसही सारखी मिळावी. लग्नापर्यंत जिच्या हातीं स्वतःचा रुपया कधीं आला नाहीं, तिलाच पुढें बचत गटाच्या कर्जावर सही करावी लागते!

ही रक्कम नाण्यांत द्यावी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. येथें हाली शिक्का चाले, तर इंग्रजी हद्दींतल्या सोलापुरांत कलदार. सात हालींस सुमारें सहा कलदार, हा हिशेब बाजारास जाणाऱ्यास ठाऊक असावाच लागे. आज त्यांचींच पणतवंडें बापाचा फोन दुकानांतील चौकटीसमोर धरतात, आवाज होतो व वस्तु मिळते. काय उणें झालें तें डोळ्यांस दिसतच नाहीं. एके काळीं या देशांत कवडीही चलन होती. आराध्याच्या गळ्यांतली ती माळ पाहून आम्हांस नेहमीं वाटतें, कीं हातांत धरतां येणाऱ्या पैशाचा धाक कांहीं वेगळाच असावा.

शिलकेची सोय नवी नाहीं. टपाल कचेरीची बचत बँक १८८२ सालची आहे. तेथें दहा वर्षांवरील मुलास स्वतःच्या नांवें खातें उघडतां येतें, आणि बँकांनाही अशी मुभा देतां येईल असें रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२५ मध्यें सांगितलें आहे. मागें शाळांतून संचयिका चालत. शिक्षकांनीं मनावर घेतल्यास वर्गांत तशी वही पुन्हां ठेवणें अवघड नाहीं.

यंदाच्या नवरात्रांत पाहुण्यांनीं मुलीच्या हातीं ठेवलेली नोट आईनें काढून घेऊं नये. पांचशें रुपये जमले, कीं तिला टपाल कचेरींत न्यावें. अर्जावर सही तिचीच असूं द्यावी, आणि खात्याचें पुस्तकही तिच्याच दप्तरांत.