मुदत ठरली, मत कोणाचे?

सेनगाव वा कळमनुरीतून संगणकावर सात-बारा पाहणाऱ्या शेतकऱ्याला, ते संकेतस्थळ खरे असल्याची ग्वाही एक सुरक्षा प्रमाणपत्र देत असते. त्याची मुदत ना दिल्लीत ठरते, ना मुंबईत. प्रमाणपत्रे देणाऱ्या आणि ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांच्या 'सीए/ब्राउझर फोरम' या २००५ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेत ती मतदानाने ठरते. ठरावास पहिल्या गटाची दोन तृतीयांश, तर दुसऱ्याची निम्म्याहून अधिक मते लागतात.

कागदावर तोल समान असला तरी व्यवहारात पारडे ब्राउझरवाल्यांकडे झुकते. मुदत सुमारे तेरा महिन्यांवर आणण्याचा ठराव २०१९ मध्ये प्रमाणपत्र कंपन्यांनी फेटाळला. पुढच्याच वर्षी ॲपलने तोच नियम आपल्या ब्राउझरसाठी लागू केला आणि तो सर्वांनाच पाळावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये ॲपलचा नवा ठराव विरोधी मताविना संमत झाला. त्यानुसार ३९८ दिवसांची मुदत मार्च २०२६ पासून २००, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी घटत जाणार असे ठरले.

हेतू रास्त आहे. २०१४ मध्ये आपल्याच 'एनआयसी'च्या यंत्रणेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. मुदत जितकी कमी, तितका अशा चुकीचा धोका अल्पकाळ. मात्र नूतनीकरण हाताने करणाऱ्या हिंगोलीतील एखाद्या पतसंस्थेला वा महाविद्यालयाला ते वर्षातून किमान आठ वेळा करावे लागेल. एकदा विसर पडला, तरी ग्राहकाला पडद्यावर धोक्याची सूचना दिसेल. या संस्थांना मत नाही, भार मात्र त्यांच्यावर. नूतनीकरण स्वयंचलित करणे हाच मार्ग आहे आणि त्यासाठी विनामूल्य सेवाही आहेत. २०२९ ची वाट पाहणे परवडणारे नाही.