यादीबाहेरचा हिरडा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात शिरले. किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, त्याची वार्ता राज्यभर पोहोचली. घाटमाथ्यावर, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या आदिवासी गावांत, हिरड्याची झाडे उन्मळून पडली. त्यांचा आवाज मात्र फार दूर गेला नाही. या नुकसानीच्या मदतीस राज्य मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती २०२४ साली, आणि तीही 'विशेष बाब' म्हणून. मधल्या काळात निवेदने झाली, आंदोलने झाली. वादळ एका दिवसात ओसरले. कागद मात्र जवळजवळ चार वर्षे अडकून राहिला. तो का अडकला, हा प्रश्न केवळ दोन तालुक्यांपुरता नाही.

हिरडा हे या पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर कुटुंबांच्या हाती रोख पैसा देणारे मुख्य साधन आहे. कोवळी फळे उतरवून ती वाळवली की बाळहिरडा तयार होतो. औषधनिर्मितीत आणि कातडी कमावण्याच्या उद्योगात हिरड्याला मागणी आहे. त्रिफळा चूर्णातील तीन फळांपैकी हे एक. पावसावरची भातशेती घरापुरते धान्य देते. मीठमिरची, औषधपाणी आणि मुलांची पुस्तके यांचा खर्च हिरड्यावर निघतो. झाड फळाला येण्यास वर्षानुवर्षे लागतात. म्हणून एक झाड पडणे म्हणजे एका हंगामाचे नव्हे, तर पुढील कितीतरी हंगामांचे उत्पन्न जाणे होय.

असे असता मदत का मिळू नये? झाड पडलेले डोळ्यांना दिसत होते. अडचण पंचनाम्याच्या पलीकडे होती. नैसर्गिक आपत्तीत द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्राच्या आणि राज्याच्या पातळीवर ठरतात. त्या निकषांची भाषा शेतपीक, फळबाग, बाधित क्षेत्र आणि हेक्टरी दर यांची आहे. हिरड्याचे झाड रांगेत लावलेले नसते. ते बांधावर असते, उतारावर असते, एक इथे तर दुसरे शंभर पावलांवर असते. त्याचे हेक्टर कसे मोजावयाचे? तो पीक, फळबाग की वनोपज, हे कोणी ठरवावयाचे? नोंद खरी होती. परंतु तिला बसावयास रकाना नव्हता.

येथे एका तत्त्वाचा विचार करणे आवश्यक आहे. कोणतीही नोंद ग्राह्य धरण्यापूर्वी ती ठरलेल्या नियमांशी ताडून पाहणे हा कारभाराचा पाया आहे. शिवाय हे नियम नोंद करणाराच्या हाती नसावेत, ते अन्यत्र आणि स्वतंत्रपणे राखले जावेत, हेही योग्यच आहे. पंचनामा करणारा तलाठी स्वतःच निकष ठरवू लागला, तर ओळखीच्या माणसाचे झाड मोठे आणि परक्याचे झाड लहान होण्यास वेळ लागणार नाही. संगणकाच्या कामातही हीच रीत आता रूढ आहे. नियम कार्यक्रमाच्या पोटात कोरून न ठेवता निराळ्या तक्त्यात ठेवतात, म्हणजे नियम बदलला तरी सारी यंत्रणा उकलावी लागत नाही. २०१५ पर्यंत मदतीसाठी पिकाचे निम्मे नुकसान व्हावे लागे. त्या वर्षी ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली गेली. चाळीस टक्के पीक गमावलेला शेतकरी जुन्या नियमाने अपात्र होता, नव्याने पात्र ठरला. शेत तेच, तोटाही तेवढाच. बदलला तो तक्त्यातील एक आकडा.

याच उदाहरणात या पद्धतीचा धोकाही दडलेला आहे. नियम जितका दूर, तितका तो राखणाऱ्यास जमिनीवरील वस्तुस्थितीचा विसर पडण्याचा संभव अधिक. त्यात एकाच वस्तूविषयी निरनिराळ्या कचेऱ्या निरनिराळ्या याद्या बाळगतात. केंद्राने २०१३-१४ साली गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देण्याची योजना आणली, तिच्या यादीत हिरड्याला स्थान होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला. म्हणजे खरेदीच्या यादीत हिरडा आहे, हक्काच्या कायद्यात आहे. भरपाईच्या निकषांत मात्र त्याला जागा नाही. विकताना जो माल ठरतो, तो वादळात पडला की कोणीच नसतो. याला नियमाचे काटेकोर पालन म्हणता येणार नाही. हा याद्यांमधील विसंवाद आहे, आणि त्याची किंमत ज्याने एकही यादी केली नाही त्याने मोजली.

निकष शिथिल केले की खोट्या दाव्यांचा पूर येईल, असे यावर कोणी म्हणेल. ही भीती निराधार नाही. सरकारी तिजोरी ही अखेर जनतेचीच, आणि न पडलेल्या झाडांचे पंचनामे होणे अशक्य नाही. परंतु येथे प्रश्न निकष सैल करण्याचा नसून पूर्ण करण्याचा आहे. याच वादळानंतर कोकणातील नारळ आणि सुपारी यांच्यासाठी हेक्टरी हिशेब अपुरा पडतो हे ध्यानात आले आणि झाडागणिक मदतीचा मार्ग स्वीकारला गेला. त्यामुळे नियमाचा धाक कमी झाला नाही; नियम वस्तुस्थितीच्या जवळ आला, इतकेच. जे पोफळीला लागू पडले, ते हिरड्याला लागू पडण्यास वर्षे का जावीत?

२०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच भ्रमणध्वनीवरून करावयाची आहे, आणि बांधावरची झाडे नोंदविण्याचीही तीत सोय आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण यंत्राचा स्वभाव विसरून चालणार नाही. कागदावरच्या फॉर्मला समास असे. जे रकान्यात बसत नाही ते तलाठी निदान समासात लिहून ठेवी. यंत्राला समास नसतो. यादीत जे नाही ते तेथे लिहिताच येत नाही, आणि जे लिहिलेच गेले नाही त्याचे नुकसानही होत नाही!

म्हणून काही गोष्टी निश्चित व्हावयास हव्यात. नोंद फेटाळताना ती खोटी म्हणून फेटाळली की तिच्यासाठी नियमच नाही म्हणून, हे लेखी सांगितले गेले पाहिजे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या प्रकारात अर्जदाराने पुरावा द्यावयाचा असतो, दुसऱ्यात शासनाने उत्तर द्यावयाचे असते. 'यादीत नाही' असा शेरा बसलेली प्रत्येक नोंद यादी राखणाऱ्या अधिकाऱ्याकडे आपोआप जावी आणि ठरावीक मुदतीत तिचा निर्णय व्हावा. प्रत्येक निकषावर तो केव्हापासून लागू आहे आणि कोणी ठरविला, याची नोंद असावी. आणि या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने, याद्या अंतिम होण्यापूर्वी तेथील ग्रामसभांत त्यांचे वाचन व्हावे. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला हे काम अवघड वाटण्याचे कारण नाही.

'विशेष बाब' म्हणून दिलेली मदत ज्यांना मिळाली त्यांना ती हवीच होती. पण विशेष बाब एकदाच होते. वादळे पुन्हा येतात. पुढच्या वादळात पडलेल्या हिरड्यासाठी पुन्हा मंत्रिमंडळाची बैठक बोलवावी लागली, तर २०२० पासून कोणीच काही शिकले नाही असा त्याचा अर्थ होईल. नियमाने नोंद तपासावी, हे खरेच. परंतु खरी नोंद जेव्हा नियमात बसत नाही, तेव्हा तपासणी नियमाचीही झाली पाहिजे.