शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, हे कोणी ठरवले?

'मूळव्याध, भगंदर, फिशर : विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशा जाहिराती भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत आपण रोज वाचतो. माझा आक्षेप साधा आहे. इथे निदान तपासणीआधीच ठरलेले असते!

आपट्यासारख्या गावात शौचातून रक्त पडले की माणूस आधी लाजतो, मग मेडिकलमधून मलम आणतो, मग कुणीतरी सांगितलेली पुडी घेतो. यात सहा महिने सहज जातात. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, हे खरे. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्येही असेच रक्त पडते, आणि सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात.

'हा म्हातारपणाचा आजार, मी तर पस्तिशीचा' हे दुसरे खोटे समाधान. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचे प्रमाण अनेक देशांत वाढत आहे. म्हणूनच अमेरिकेत २०२१ मध्ये नियमित तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले गेले. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. आतड्याचा त्यात समावेश नाही. म्हणजे लक्षण ओळखण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि आम्हा डॉक्टरांवर येते.

मग काय करावे?

• रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, विनाकारण वजन घटणे किंवा रक्त कमी होणे : यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा.

• डॉक्टर न तपासता 'मूळव्याध आहे' म्हणाले, तर तपासायला सांगा. हातमोजा घालून बोटाने केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीत गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हाताला लागू शकते. गरज असल्यास कोलोनोस्कोपी करा.

• आई-वडील किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी करा.

• तंबाखू आणि दारू सोडा, पोटाचा घेर कमी करा, रोज चाला. नाचणीची भाकरी, वाल-मूग, पालेभाजी खा. सॉसेज, सलामी टाळा. प्रक्रिया केलेल्या मांसाने कॅन्सर होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्येच जाहीर केले आहे.

आतड्यातल्या छोट्या कोंबाचा (पॉलिप) कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. तो कोलोनोस्कोपीतच काढून टाकता येतो. कॅन्सर झालाच, तरी लवकर सापडल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. खारघरला टाटा मेमोरियलचे 'ॲक्ट्रेक' आहे. आपट्याहून ते फार लांब नाही. लांब आहे ती आपली लाज. ती आधी सोडा!