उपग्रह नवा, गणित जुने

उपग्रहावरून पावसाचा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट आता शेतकऱ्यांस अपरिचित राहिलेली नाही. परंतु उपग्रहावरील सूक्ष्मतरंग उपकरण पाऊस मोजीत नाही. जमीन व ढग यांपासून येणारे तरंग ते टिपते आणि त्यांवरून पावसाचे मिलिमीटर गणिताने काढावे लागतात. उपकरण बदलले की हे गणितही नव्याने बसवावे लागते.

१९९७ साली अमेरिका व जपान यांनी सोडलेल्या ‘ट्रिम’ उपग्रहावरील उपकरणाची वरची कंपनसंख्या ८५.५ गिगाहर्ट्झ होती. २०१४ सालच्या ‘जीपीएम’वर तिच्या जागी ८९ आली. फरक किरकोळ भासतो खरा. पण कंपनसंख्या वाढली की ढगातील हिमकण तरंग अधिक विखुरतात व तोच ढग अधिक थंड दिसतो. जितका थंड तितका पाऊस अधिक, हे जुने कोष्टक तसेच लावले तर पाऊस फुगवून सांगितला जाईल. भारत-फ्रान्सच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वरील ‘मद्रास’ हे उपकरण २०१३ च्या जानेवारीत बिघडले. तेव्हा बाष्पमापनासाठी बसविलेल्या ‘सफीर’वरून पाऊस काढण्याचे गणित तज्ज्ञांनी उभे केले, हे निःसंशय स्तुत्य होय.

तथापि खरी अडचण जमिनीवरच आहे. समुद्राची पार्श्वभूमी थंड असल्याने तेथे पावसाचे थेंब उठून दिसतात. जमीन स्वतःच भरपूर तरंग सोडीत असल्याने येथे भिस्त मुख्यतः हिमकणांवर ठेवावी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात बुटके ढग हिमकणांवाचून मुसळधार कोसळतात, आणि उपग्रह तो पाऊस कमी दाखवितो. उलट माण-खटावसारख्या अवर्षणप्रवण भागात ढगाच्या माथ्यावर बर्फ असते, पण थेंब कोरड्या हवेत वाटेतच विरून जातात. उपग्रहाच्या लेखी पाऊस पडला; रान मात्र कोरडेच!

अशा आकड्यावरून पीकविम्याचा दावा फेटाळला गेला, तर तो अन्याय कोणाच्या पदरी पडेल हे सांगावयास नको. म्हणून नव्या उपकरणाचे गणित बसविताना घाटमाथा व पर्जन्यछाया या दोन्हींतील पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ते वेगवेगळे ताडून पाहिले पाहिजे. तोवर एकट्या उपग्रहाच्या आकड्यावर मंडळाचा निर्णय होऊ नये. पर्जन्यमापकही झाडाखाली वा भिंतीच्या आडोशाला उभा असेल, तर त्याच्याशी ताडलेले गणित तितकेच चुकेल. यंत्र उघड्या जागी आहे की नाही, हे ग्रामसेवक व तलाठी यांनी पेरणीपूर्वी एकदा जाऊन पाहावे.