कारण नसताना हिंडण्याचा हक्क



बाईने घराबाहेर पडायचे ते कशासाठी, याची एक यादी आपल्या समाजाने करून ठेवली आहे. माहेरपण, बाळंतपण, लग्नकार्य, दवाखाना, कुणाची मयत आणि वय झाले की तीर्थयात्रा. स्त्री चळवळीने या यादीत शिक्षण आणि नोकरीची भर घातली, शिबिर, परिषद आणि मोर्चाही त्यात आणले. त्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी मोठी किंमत मोजली. परंतु यादी लांबली तरी तिच्यामागचे तत्त्व बदलले नाही. बाई बाहेर पडते ती कुठल्या तरी कामासाठी, बहुधा दुसऱ्या कुणासाठी. नुसते पाहावेसे वाटले, हिंडावेसे वाटले म्हणून निघालेल्या बाईला या यादीत आजही जागा नाही.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझी एक शिक्षिका मैत्रीण पाठीवर सॅक लावून दहा दिवस कर्नाटकात हिंडलो. साध्या बसने, रेल्वेने, स्वस्त लॉजमध्ये राहून. पहिले सहा दिवस हंपीत सुखाचे गेले. उरलेल्या चार दिवसांत बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि विजापूर करून सोलापूरमार्गे पुण्याला परतायचे होते. या चार दिवसांत आमची अक्षरशः दमछाक झाली. ही दमछाक कशाने झाली याचा हिशेब आम्ही परतीच्या गाडीत मांडला. तो आमच्या दोघींपुरता नाही असे वाटते, म्हणून या पानावर मांडते आहे.

पहिला खर्च अंधाराचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचायचे, हा नियम घरून निघतानाच आमच्या सामानात बांधला गेला होता. हंपीत आमच्याच लॉजवर उतरलेली कॉलेजची दोन मुले रात्रीच्या बसने निघत, बसमध्येच झोपत आणि सकाळी नव्या गावात ताजी उभी राहत. आम्ही मात्र होस्पेटहून निघालो ते इरकलला बस बदलून बदामीला पोहोचेपर्यंत उजेडाचा एक अख्खा दिवस प्रवासातच घालवला. ज्या इरकलच्या लुगड्यांनी आपल्या आज्यांच्या पेट्या भरलेल्या असत, ते गाव आम्ही फक्त बसस्टँडवरून पाहिले. दुसऱ्या दिवशी पट्टदकलला जेमतेम सव्वा तास मिळाला. तिथले विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात लोकमहादेवी या चालुक्य राणीने बांधवून घेतले. एका बाईने उभारलेले ते मंदिर आम्ही परतीच्या बसकडे एक डोळा ठेवून पाहिले. ऐहोळे तर सोडूनच द्यावे लागले. पुरुष प्रवाशाचा दिवस चोवीस तासांचा आणि आमचा अकरा तासांचा. एवढ्या अकरा तासांत चार गावे बसवायची म्हटल्यावर दुसरे काय होणार?

ही भीती मनाची आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. ६ मार्च २०२५ च्या रात्री हंपीजवळ सणापूर तलावाच्या परिसरात एका परदेशी पर्यटक तरुणीवर आणि होमस्टे चालवणाऱ्या एका स्थानिक तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. आम्ही हंपीला जाणार हे कळताच प्रत्येकाने आम्हाला या घटनेची आठवण करून दिली आणि वर सल्ला दिला, ‘सोबत कुणी पुरुष घ्या.’ पण त्या रात्री तिथे तीन पुरुष पर्यटकही होते. त्यांना कालव्यात ढकलण्यात आले आणि त्यांतल्या एकाचा बुडून मृत्यू झाला. सोबतीचा पुरुष म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण इतके तकलादू आहे. तरीही अशा प्रत्येक घटनेनंतर जाब विचारला जातो तो बाईच्या बाहेर असण्याला. तिथे दिवे का नव्हते, गस्त का नव्हती, हे प्रश्न मागे पडतात. गुन्हा दुसऱ्याचा आणि संचारबंदी मात्र आपल्यावर, हा न्याय आपण किती दिवस मानायचा?

दुसरा खर्च खोली मिळवण्याचा. एका गावी संध्याकाळी दोन लॉजमधून आम्हाला परत पाठवण्यात आले. ‘दोघीच आहात? जेंट्स कुणी नाही? आम्ही फॅमिलीलाच खोली देतो.’ पैसे होते, ओळखपत्रे होती, खोल्याही रिकाम्या होत्या. ‘कामानिमित्त आलात का?’ असेही विचारून झाले. माझ्या पिशवीत संस्थेचे ओळखपत्र होते. ते दाखवून ‘सर्वेक्षणासाठी आलोय’ म्हटले असते तर कदाचित खोली मिळालीही असती. माझी मैत्रीण म्हणाली, ‘ते काढू नकोस. आपण फिरायला आलोय, तेच सांगू.’ तिसऱ्या ठिकाणी काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी काही न विचारता रजिस्टर पुढे केले. तोपर्यंत दीड तास गेला होता आणि अंधारही पडला होता. म्हणजे ज्या अंधाराला भिऊन आम्ही दिवसभर धावलो, त्याच अंधारात आम्हाला रस्त्यावर उभे केले ते प्रतिष्ठेच्या नियमाने.

हा नियम केवळ अपमानकारक नाही, तो घटनाविरोधी आहे. भारतीय राज्यघटनेच्या कलम १५(२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश देताना केवळ लिंगाच्या कारणाने कुणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही. कलम १९(१)(ड) देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क देते. तिथे ‘योग्य कारण असल्यास’ किंवा ‘सोबत पुरुष असल्यास’ असे कुठे लिहिलेले नाही.

तिसरा खर्च घराचा. विजापूरला गोलघुमटाच्या पायऱ्या चढत असताना मैत्रिणीचा फोन तीनदा वाजला. गॅस कधी नोंदवला होता, मुलाच्या स्नेहसंमेलनाचा पोशाख कुठे ठेवला, सासूबाईंच्या गोळ्या संपल्या, आणि शेवटी ‘तू येतेस कधी?’ तिचा नवरा भला माणूस आहे, तो घरात ‘मदत’ करतो. पण मदत करणाऱ्याला विचारावे लागते, जबाबदारी घेणाऱ्याला ठाऊक असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ही २८९ मिनिटे बाई गावाला गेली म्हणून थांबत नाहीत. ती निघण्याआधी उरकायची असतात, परतल्यावर भरून काढायची असतात, आणि मधल्या काळात फोनवरून निभवायची असतात. बाईची सुट्टी ही उसनी असते, आणि शेवटच्या दिवसांत तिची वसुली सुरू होते.

याशिवाय लघवीचा प्रश्न होताच. स्वच्छतागृहाला कुलूप असेल म्हणून पाणीच प्यायचे नाही, ही युक्ती तुम्हा सर्वजणींना ठाऊक आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेने या प्रश्नाला हक्काची भाषा दिली. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आले. शहरात विनाकारण रेंगाळण्याचा हक्क बाईला हवा, ही त्यातली मांडणी आहे. ती शहराबाहेरही नेण्याची वेळ आली आहे.

कुणी म्हणेल, हे पोट भरलेल्या बायकांचे चोचले आहेत. याचे उत्तर मला कर्नाटकच्या बसमध्येच मिळाले. तिथल्या सरकारने ११ जून २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला. आम्ही परराज्यातल्या, म्हणून आम्हाला तिकीट पडे. पण भोवती शेतमजुरी करणाऱ्या बायकांचे घोळके असत. हातात शून्य रकमेचे तिकीट, पदरात भाकरी. कुणी देवाला निघालेल्या, कुणी बहिणीकडे. एक आजी म्हणाल्या, देव हे निमित्त, गाव बघायला निघालो. महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. भाड्याचा अडसर थोडा दूर होताच गरीब बाईही हिंडू लागते. म्हणजे इच्छा होतीच, वाट नव्हती.

बाराव्या शतकात घर सोडून चालत निघालेल्या अक्कमहादेवीचे नाव आज विजापूरच्या महिला विद्यापीठाला आहे. देवासाठी घर सोडलेल्या बाईला आपण संत म्हणतो. स्वतःसाठी चार दिवस बाहेर पडलेल्या बाईला मात्र विचारतो, ‘दोघीच आहात?’

म्हणून आपल्या गटांनी या विषयाला ‘मौजमजा’ समजून बाजूला ठेवू नये. आपापल्या गावचे बसस्टँड रात्री आठनंतर एकदा जाऊन पाहा. दिवे, स्वच्छतागृह, बाई कर्मचारी आहेत का, याची लेखी नोंद करून आगारप्रमुखांना द्या. स्त्रियांना खोली नाकारणाऱ्या लॉजची तक्रार करा, त्यात कलम १५(२) चा उल्लेख करा. आपल्या वर्षाच्या कार्यक्रमात एक तरी सहल अशी ठेवा, जिच्यात भाषण नाही, ठराव नाही. आणि त्या दिवसांत घर कोण सांभाळणार, ही चर्चा प्रत्येकीच्या घरी आधी होऊ द्या. तुमचे अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा, खोली नाकारल्याचे आणि मिळाल्याचेही. ऐहोळे आमचे राहून गेले आहे. पुढच्या वेळी तिथे जाऊ तेव्हा आणखी काही जणी सोबत याव्यात आणि कुणालाही कारण सांगावे लागू नये.