भिंगांचे सोवळे

सोवळेओवळे मुंबईतून हद्दपार झाले असे कोणी समजत असेल, तर त्याने एखाद्या रविवारी फिल्मवर फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींच्या बैठकीत तासभर बसून यावे. गिरगाव असो, दादर असो की लालबाग, बैठक सारखीच. चहा येतो, खारी येते, आणि मग पिशव्यांतून मखमली फडक्यात गुंडाळलेली भिंगे बाहेर निघतात. कोण कुठल्या कुळातला याची चौकशी पूर्वी लग्नाच्या बैठकीत होत असे; ती आता भिंगांची होते. जर्मन की जपानी? झाइस की लाइत्झ? पूर्वेकडच्या येनाचे की पश्चिमेकडच्या ओबरकोखेनचे? एखाद्या बापड्याने साध्या घराण्यातले भिंग पुढे केले, की सगळे त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतात. या दोन तासांत सगळ्यांत कमी वेळा निघणारी वस्तू म्हणजे फोटो!

वाचकहो, माझे भांडण जुन्या भिंगांशी नाही, फिल्मशी तर नाहीच नाही. मी स्वतः एक जुने अठ्ठावीस मिलिमीटरचे भिंग वापरतो आणि रोल घरीच धुतो. माझे भांडण आहे ते या नव्या सोवळ्याशी. शालान्त परीक्षेपलीकडे ज्याच्याजवळ पदवीचा कागद नाही, जो दिवसा मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो, त्याने भिंगाच्या शास्त्रात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की प्रकाशाचा किरण काचेतून वळताना कोणाची पदवी विचारीत नाही. आणि मास्तरकी करणाऱ्याला सवय असते, की उत्तर बरोबर आले तरी रीत विचारायची.

तेव्हा रीत पाहू. या मंडळींचा पहिला सिद्धान्त असा, की जितके भिंगाचे तोंड मोठे तितके भिंग थोर. एफ २ चे भिंग एफ ३.५ च्या भिंगापेक्षा श्रेष्ठ, म्हणून त्याची किंमतही अनेकपट. लग्नमंडपात, नाटकाच्या प्रयोगात, अंधाऱ्या जिन्यात हे खरे आहे. पण आपण बोलतो आहोत भूदृश्याविषयी. डोंगर पळून जात नाही आणि गिरणीची चिमणी मान हलवीत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून एफ ८ किंवा एफ ११ वर फोटो काढायचा असेल, तर एफ २ च्या त्या अवाढव्य काचेचे पैसे कशासाठी मोजायचे? मोठ्या तोंडाच्या विशालकोनी भिंगात कडेचे दोष आवरणे फार कठीण जाते. म्हणून त्यात काचा वाढतात, वजन वाढते, किंमत वाढते. लहान तोंडाच्या भिंगात रचनाकाराची ओढाताण कमी असते. त्यामुळे जुन्या भिंगांत एफ ३.५ किंवा एफ ४ ची साधी, हलकी, दुकानदाराने मागच्या फळीवर टाकलेली भिंगे एफ ८ वर आणली, की पुष्कळदा आपल्या श्रीमंत भावंडांच्या बरोबरीने चालतात, आणि कोपऱ्यांत कधी कधी त्यांच्यापुढेही जातात.

दुसरा सिद्धान्त कुळाचा. अमुक नाव आणि अमुक साल असले की डोळे मिटून घ्यावे. येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. निकॉन एफ या १९५९ च्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर साडेसेहेचाळीस मिलिमीटर आहे. मग अठ्ठावीस मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग त्याच्या पुढे बसणार कसे? यासाठी पुढे एक अंतर्गोल काच घालून किरण आधी फाकवायचे आणि मग गोळा करायचे, अशी उलट्या दुर्बिणीसारखी युक्ती काढावी लागली. फ्रान्सच्या आंझेन्यू कंपनीने १९५० मध्ये या रचनेचे पस्तीस मिलिमीटरचे भिंग आणले आणि तिला 'रेट्रोफोकस' हे नाव दिले. उलट, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत भिंगाची शेवटची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. लुडविग बेर्टेले याने १९५० नंतरच्या काही वर्षांत झाइससाठी रचलेले बायोगॉन याच जातीचे, जवळजवळ सममित. त्यामुळे त्यात सरळ रेषा सरळ राहतात. म्हणजे १९५०–६० च्या काळातले आरशाच्या कॅमेऱ्याचे भिंग आणि त्याच काळातले बिनआरशाच्या कॅमेऱ्याचे भिंग ही दोन निराळी माणसे आहेत. आडनाव एक असल्याने स्वभाव एक होत नाही.

आणि स्वभाव चांगला असला तरी आयुष्य कसे गेले, ते कोण पाहणार? पन्नास-साठ वर्षांत ते भिंग किती वेळा पडले, कोणी उघडले, कोणी वाकडे बसवले, हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. त्यातून आमची मुंबई! येथला पावसाळा म्हणजे भिंगांचा काळ. चामड्याच्या देखण्या डबीत घालून कपाटात ठेवलेल्या भिंगावर जून ते सप्टेंबरात बुरशी अशी धरते, की आत कोळ्याने जाळे विणावे. ही बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि एकदा काच खाल्ली की पुसून जात नाही. येनाच्या भट्टीतून निघालेले कुलीन भिंगही चार पावसाळ्यांत मातीला मिळते. बोरा बाजारात किंवा चोरबाजारात भिंग हाती घ्याल, तेव्हा त्यावरचे नाव मागाहून वाचा. आधी मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरके पाहा. जाळे, धुके, दोन काचांमधला डिंक सुटल्याची इंद्रधनुषी कड, पडद्याच्या पात्यांवरचे तेल, हे सारे टॉर्च दाखवते. घरी आणल्यावर चामड्याची डबी बाजूला ठेवा. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे घर भिंगाला पुरते.

यापुढची परीक्षा फुकट आहे. समोरच्या चाळीचा दर्शनी भाग घ्या. खिडक्या, कठडे, खांब, सगळे एका पातळीत आणि सरळ रेषांत मांडलेले. परदेशातला छापील तक्ता मागवण्याची गरज नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, आणि एफ ४ पासून एफ १६ पर्यंत एकेक फोटो. निगेटिव्हचे चारही कोपरे बहिर्गोल काचेतून तपासा. चारही सारखेच मऊ असले, तर तो रचनेचा गुण आहे आणि एफ ८ वर बहुधा जाईल. एकच कोपरा मऊ आणि बाकीचे तीन रेखीव असले, तर आतली काच सरकलेली आहे. मग त्यावर कोणतेही नाव असो, नमस्कार करून परत करा. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा चित्रपटासाठी भांडवल उभे करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली होती. १९१२ मध्ये लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर त्यांनी दादरला काम केले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्या माणसाने यंत्राची परीक्षा घेतली आणि मग यंत्राकडून काम घेतले.

आता रेखीवपणाविषयी. समजा, भिंग निर्दोष मिळाले. तरी रेखीवपणा भिंगात फार थोडा आणि माणसाच्या सवयींत फार असतो. सगळे स्पष्ट यावे म्हणून आमचे मित्र पडदा एफ २२ वर नेतात. प्रकाशाचा स्वभाव असा, की छिद्र बारीक झाले की तो कडांवरून वळतो आणि बिंदूची टिकली होते. एफ २२ वर या टिकलीचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटर होतो. एफ ८ वर तो सुमारे ०.०१ असतो. बारा बाय अठरा इंची फोटो करायचा म्हणजे छत्तीस मिलिमीटर फिल्म साडेबारापटींहून अधिक वाढवावी लागते, आणि ती टिकलीही तेवढ्याच पटीने फुगते. म्हणजे हजारो रुपये देऊन विकत घेतलेली धार आपण आपल्याच बोटांनी बोथट करतो! अठ्ठावीस मिलिमीटरच्या भिंगाला एफ ११ वर सुमारे अडीच मीटरवर नेमले, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत बहुतेक सारे पुरेसे स्पष्ट येते. आणखी हवे असेल, तर फिल्म मोठी घ्यावी. एकशेवीस रोलवरची सहा बाय सहाची निगेटिव्ह पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीनपटींहून मोठी असते. साधे भिंग आणि मोठी निगेटिव्ह यांनी राजेशाही भिंग आणि छोटी निगेटिव्ह यांना अनेकदा धूळ चारलेली आहे. पण हे बैठकीत सांगून पाहा. ट्रायपॉडविषयी बोलणाऱ्याला तेथे दुसरा चहा मिळत नाही.

दुसरा एक पंथ आहे. तो म्हणतो, रेखीवपणा हवा कुणाला? जुन्या भिंगात 'आत्मा' असतो. सूर्य समोर असताना फोटोवर पसरणारे ते पांढरे धुके म्हणे काव्य आहे. मी कादंबऱ्या लिहितो; काव्याचे वावडे असल्याचा आरोप माझ्यावर कोणी करणार नाही. पण आत साठलेल्या तेलकट वाफेला आत्मा म्हणणे हे, मोतीबिंदूला दूरदृष्टी म्हणण्यासारखे आहे. कोणाला धुके हवे असेल तर त्याने पहाटे माळशेजला जावे.

मग विशालकोनी भिंग घ्यायचे तरी कशासाठी? पुष्कळांना वाटते, जास्त माणसे मावावीत म्हणून. ती मावतात खरी. पण कडेला उभी असलेली आत्या दुप्पट रुंद होते आणि ती ते जन्मभर विसरत नाही. आणि कोकणकड्यासमोर लांब उभे राहून हेच भिंग लावले, तर सह्याद्रीचे वारूळ होते. विशालकोनी भिंग दूरच्याला आणखी दूर ढकलते आणि जवळच्याला पुढे आणते. म्हणून ते जागेचे भिंग आहे. जेथे मागे सरकायला जागा नाही अशा जागेचे. असे भूदृश्य आमच्या इतके कोणाजवळ आहे? खोताच्या वाडीची गल्ली घ्या, परळच्या चाळींमधला चौक घ्या, लालबागेत दोन इमारतींच्या फटीतून दिसणारी चिमणी घ्या.

येथे माझे खरे दुखणे आहे. १८५४ साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. कावसजी दावर यांनी ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि त्याच वर्षी बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीत होते आणि स्वतः उत्तम फोटो काढीत. गिरणी आणि कॅमेरा ही या शहराची जुळी मुले. पण गिरणगावाचे, घरातल्या माणसांनी आपल्या गॅलरीतून काढलेले चित्र किती घरांत आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ होत्या. वरळीत त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. लोकांना मोठी घरे मिळावीत, यात वाद नाही; पण जुने घर जाताना त्याचा एक नीट फोटो निघू नये, यात शहाणपण कोणते?

मी पूर्वी ज्या शाळेत शिकवीत होतो तिची जुनी इमारत पाडली गेली. नंतर स्मरणिकेसाठी इमारतीचा फोटो शोधायला निघालो. माजी विद्यार्थ्यांच्या घरून शेकडो फोटो आले. सत्कार, स्नेहसंमेलने, बक्षिसे, हार, शाली. प्रत्येक फोटोत माणसे होती आणि त्यांच्या मागे दीड खिडकी. जिना नाही, पटांगण नाही, समोरून पूर्ण इमारत एकातही नाही. आणि त्या विद्यार्थ्यांत उत्तम भिंगे बाळगणारे निदान चौघे मला माहीत आहेत.

कोणी म्हणेल, आता मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो निघतात. निघतात; आणि पुढचा मोबाइल घेतला की त्यातले किती उरतात, ते ज्याचे त्याने मोजावे. फिल्मचा रोल महाग पडतो, हाच त्याचा उपकार. छत्तीस चौकटींत काय ठेवायचे याचा विचार करावा लागतो, आणि ठेवलेली निगेटिव्ह पाकिटावर तारीख आणि जागा लिहून कोरड्या डब्यात ठेवली, तर नातवंडांना ती उजेडासमोर धरून पाहता येते. कोणत्याही यंत्राची परवानगी लागत नाही.

म्हणून यंदा दिवाळीच्या बोनसातून जुने भिंग घेणार असाल तर जरूर घ्या. अठ्ठावीस किंवा पस्तीस मिलिमीटरचे, एफ ३.५ च्या आसपासचे, आतून स्वच्छ, चारही कोपरे सारखे. नाव कोणतेही चालेल. वाचलेल्या पैशांत एक भक्कम ट्रायपॉड आणि दहा रोल घ्या. चिमणीखाली उभे राहून कॅमेरा वर कराल तर ती मागे कलंडलेली दिसेल. तो भिंगाचा दोष नव्हे. समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर जा, तेथल्या काकूंना विचारून गॅलरीत उभे राहा, कॅमेरा सरळ धरा. त्या बहुधा चहाही देतील. पाऊस उघडल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हाची सकाळ गाठा. आणि रविवारच्या बैठकीला पुढच्या वेळी भिंग नेऊ नका, फोटो न्या. कोणी विचारलेच, की भिंग कोणते, तर सांगा: आधी इमारत कोणती ते ओळखा, ती पुढल्या वर्षी नसेल.