गप्पांचा सिनेमा

खिशात पैसे नाहीत? मग चार मित्र एका खोलीत बसवा, बोलू द्या, झाला सिनेमा, असा सल्ला नवख्यांना सर्रास मिळतो. ऐकायला सोपा, निभावायला महाकर्मकठीण. अमेरिकेत जॉन सेल्सने ‘रिटर्न ऑफ द सेकॉकस सेव्हन’ असाच केला. निर्माता रॉजर कॉर्मनसाठी ‘पिरान्हा’सारख्या (१९७८) चित्रपटांच्या पटकथा लिहून मिळवलेले पैसे त्यात घातले, खर्च साधारण ६० हजार डॉलर. कॉलेजातले आंदोलक मित्र तिशीच्या तोंडावर शनिवार-रविवारी भेटतात, एवढीच गोष्ट. न्यू हॅम्पशायरमध्ये बिगरहंगामात एक लॉज भाड्याने घेतलं. मुक्काम तिथेच, शूटिंगही तिथेच. कॅमेरा फिरवायची ऐपत नव्हती, म्हणून पात्रं भरपूर, आणि एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर कट. मधूनच बास्केटबॉल, म्हणजे सगळे नुसते बसून राहायला नकोत! ही अक्कल आपल्या पोरांनी उचलावी. ती सगळा पैसा कॅमेऱ्यावर उधळतात आणि आवाजापाशी हात आखडता घेतात. गप्पांच्या सिनेमात एका वाक्यामागे फ्रिजची घरघर आणि पुढच्यामागे शांतता असली, की कट उघडा पडतो. फ्रिज बंद ठेवा (आणि रात्री आठवणीने चालू करा, दूध नासतं). रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगला लागतोच. आणि एक लेन्स कमी आणा, पण साउंडवाल्याला मित्र म्हणून फुकटात राबवू नका.